पक्षी, माल आणि जागा

शलाका शिल्पकार आहे. जे.जे.मध्ये शिकली, आता कलाशाखेच्या मुलांना शिकवते. तिचा मामा मुंबई कस्टम्समधून अप्रेझर म्हणून निवृत्त झाला. बंदरात उतरलेला माल नेमका काय आहे, तो कोणत्या मथळ्याखाली बसतो आणि त्यावर शुल्क किती, हे ठरवण्यात त्याची नोकरी गेली. शलाकाला कॉन्स्टँटिन ब्रांकुसीवर व्याख्यान द्यायचं होतं. आधुनिक अमूर्त शिल्पकलेचा पाया कुणी घातला, असं विचारलं की पहिल्यांदा या रुमानियन माणसाचं नाव निघतं. त्याच्या शिल्पावर अमेरिकी कस्टम्सने शुल्क लावलं आणि प्रकरण कोर्टात गेलं, एवढं कानावर पडताच मामा सरसावून बसला.

मामा : मतं नंतर. आधी प्रकरण सांग.

शलाका : ऑक्टोबर १९२६. न्यूयॉर्कच्या ब्रमर गॅलरीत ब्रांकुसीचं प्रदर्शन भरणार होतं. पॅरिसहून शिल्पं बोटीने निघाली. सोबत होता त्याचा मित्र, मार्सेल द्युशाँ. त्या शिल्पांत ‘अवकाशातला पक्षी’ नावाचं ब्राँझचं एक काम होतं. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने ते विकत घेतलेलं. खाली बारीक, मध्ये किंचित भरलेला आणि वर तिरका कापल्यासारखा, आरशासारखा लखलखता उभा आकार.

मामा : पंख?

शलाका : नाहीत. चोच नाही, पिसं नाहीत, डोळे नाहीत.

मामा : मग अप्रेझरने काय शेरा मारला?

शलाका : स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं साहित्य ज्या वर्गात येतं, त्यात टाकलं. चाळीस टक्के शुल्क. कलाकृती मानली असती तर शुल्क माफ होतं. आम्ही मुलांना हे सांगतो तेव्हा वर्ग हसतो.

मामा : वर्गाने हसू नये. त्या अप्रेझरसमोर कायदा काय होता, ते सांगितलंस का मुलांना?

शलाका : १९२२चा टॅरिफ अ‍ॅक्ट. व्यावसायिक शिल्पकाराने घडवलेलं मूळ शिल्प असेल तर करमुक्त. आणि शिल्प कशाला म्हणायचं, त्यावर १९१६चा एक निकाल होता : निसर्गातल्या वस्तूंची, मुख्यतः मानवी आकृतीची, हुबेहूब प्रतिकृती हवी.

मामा : झालं तर. हुबेहूब हवं असं कोर्टच म्हणतंय आणि समोर बिनपंखांचा पक्षी. त्याने कलासमीक्षा लिहायची नव्हती, वर्गवारी करायची होती. ‘मला वाटतं’ म्हणून मालावर शिक्का मारता येत नाही. शिवाय त्याने कुणाला विचारलं असेलच.

शलाका : विचारलं होतं. कलाक्षेत्रातल्या काही जाणत्यांची मतं त्याने घेतली. ही कला नव्हे, यात सगळं कल्पनेवरच सोडून दिलंय, असं ते म्हणाले.

मामा : बघ! म्हणजे चूक कारकुनाची नव्हती. तज्ज्ञांनीच हात वर केले होते.

शलाका : म्हणून तर खटला महत्त्वाचा. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या शिल्पकार बाईंनी खर्च उचलला. १९२७ मध्ये साक्षी झाल्या. न्यायाधीशांनी स्टायकेनला विचारलं, हे तुम्हाला पक्ष्यासारखं दिसतं का? तो म्हणाला, दिसत नाही, पण पक्षी असल्याचं जाणवतं. मग विचारलं, जंगलात हे दिसलं तर गोळी झाडाल का? अर्थात नाही.

मामा : प्रश्न बरोबर आहे की! नाव ‘पक्षी’ आणि शिकारी ओळखणार नाही, तर नाव कशाच्या जोरावर?

शलाका : त्यावर जेकब एपस्टाइनने उत्तर दिलं, पण तोंडी नाही. तो स्वतः शिल्पकार. त्याने कोर्टात इजिप्तचा एक प्राचीन दगडी ससाणा आणून ठेवला. पिसांचा तपशील नाही, पाय नाहीत, तरी त्याला शिल्प म्हणायला कुणाची हरकत नव्हती. ‘नवं थेर’ म्हणून ज्याला हिणवत होते, त्याचा पूर्वज किती जुना आहे हे समोरच दिसलं.

मामा : हुशार साक्षीदार. पण सरकारच्या बाजूनेही शिल्पकार उभे राहिले असतील.

शलाका : रॉबर्ट एटकिन आणि थॉमस जोन्स. दोघे मुरलेले. हे शिल्पच नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. एक मुद्दा तर तुझ्या आवडीचा : चांगला मेकॅनिक पितळेचा रॉड घासून असंच गुळगुळीत करणार नाही का? एपस्टाइन म्हणाला, चकचकीत करेल, पण मुळात हा आकार त्याला सुचणार नाही.

मामा : इथे माझी शंका सुरू होते. सुचणं म्हणजे काय? मूर्तिकाराचं कौशल्य मला डोळ्यांनी दिसतं. हाताच्या शिरा, वस्त्राची चुणी, चेहऱ्यावरचा भाव. तुझ्या या माणसाला हे करता येत होतं, की जमत नाही म्हणून त्याने ते सोडून दिलं?

शलाका : बुखारेस्टला शिकत असताना त्याने डॉ. दिमित्रिए गेरोटांच्या मार्गदर्शनाखाली कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा केला. स्नायू, नस, हाड, सगळं इतकं अचूक की वैद्यकीच्या मुलांना शिकवायला तो वापरला गेला. ते काम आजही अ‍ॅनाटॉमीच्या शिक्षकाला कामी येईल. ज्याला माणूस आतून-बाहेरून घडवता येतो, त्याने पिसं टाळली तर ती जमत नव्हती असं म्हणता येणार नाही.

मामा : मग सोडली का?

शलाका : त्यासाठी रोदँपर्यंत जावं लागतं. ब्रांकुसी शेतकऱ्याच्या घरातला. १९ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, दक्षिण रुमानियातल्या होबित्सा गावात. तिकडे घराचे खांब, दरवाजे, चमचे, सगळं लाकडात कोरलेलं. पोरवयात घर सोडलं, दुकानांत राबला, क्रायोव्याच्या कला व हस्तोद्योग शाळेत शिकला, मग बुखारेस्ट. तिथून बराचसा प्रवास पायी करत १९०४ मध्ये पॅरिस. तिथे भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये गायला. १९०७ मध्ये रोदँच्या स्टुडिओत जागा मिळाली. तेव्हा रोदँचं नाव केवढं होतं! आणि हा महिन्या-दोन महिन्यांत बाहेर पडला. मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही, अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात.

मामा : हे म्हणजे अहंकार झाला.

शलाका : थोडा असेलही. पण त्यामागे कामाचा फरक आहे. रोदँ मातीत घडवायचा. पुढे त्याचे कारागीर मापं घेऊन तोच आकार संगमरवरात उतरवायचे. त्या काळात सगळे असंच करत. म्हणजे दगडाला हात दुसऱ्याचा. ब्रांकुसीने दगड स्वतः फोडायला घेतला. मातीचं मॉडेल नाही, थेट छिन्नी. त्याच सुमाराचं त्याचं ‘चुंबन’ बघ. रोदँच्या ‘चुंबना’त दोन देह, त्यांची त्वचा, त्यांचं वळण. ब्रांकुसीच्या ‘चुंबना’त एकच चौकोनी ठोकळा. मध्ये एक उभी रेघ, दोन्हीकडचे डोळे जुळून जवळपास एकच डोळा झालेला, हात एकमेकांभोवती सपाट पट्ट्यांसारखे. दगड दगडच राहतो, आणि तरी ती दोघं आता वेगळी होणार नाहीत हे कळतं.

मामा : दगडाचं पटलं. पण पक्षी ब्राँझचा. ब्राँझ ओतारी ओततो. साचा एकदा झाला की एकाचे दहा निघतात. मी विचारतो ते एवढंच : हे मूळ काम की कारखान्याचा माल? आमच्या कायद्यात ‘मूळ’ हा शब्द असाच घातलेला नाही.

शलाका : कोर्टाने नेमकं हेच विचारलं आणि ब्रांकुसीने पॅरिसमधून जबानी दिली. ओतारीकडून आलेला तुकडा खडबडीत होता. हवेची छिद्रं त्याने बुजवली, दोष दुरुस्त केले, मग कानशी आणि सगळ्यात शेवटी अगदी बारीक पॉलिशची पावडर. सगळं स्वतःच्या हाताने. मी स्वतः ब्राँझ घासलंय, म्हणून सांगते. असा लांब वक्र घासताना एका जागी कानस दोनदा जास्त फिरली की तिथे खोलगट होतं. डोळ्याला ते दिसत नाही. चकाकी चढली की दिसतं, कारण खिडकीचं प्रतिबिंब तिथे मोडतं. मग ती एक जागा दुरुस्त करून भागत नाही, सबंध बाजू उतरवावी लागते. पक्ष्याच्या अंगावर तुला कुठेच प्रतिबिंब मोडलेलं दिसणार नाही. साचा सारखा असला तरी दोन पक्षी त्यामुळे सारखे निघत नाहीत.

मामा : कारागिरीला माझा नमस्कार. निकाल?

शलाका : २६ नोव्हेंबर १९२८. ब्रांकुसीच्या बाजूने. न्यायाधीश वेट यांनी मोकळेपणाने लिहिलं की पक्ष्याशी याचा मेळ घालणं अवघड आहे. पण आकार देखणा आहे, व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे, उपयोगाची वस्तू नाही. आणि निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना मांडणारी नवी परंपरा निर्माण झाली आहे, तिची दखल कोर्टाला घ्यावीच लागेल.

मामा : चांगला निकाल. स्वतःला कळलं नाही तरी कायदा पुढे नेला. पण यात एक मेख आहे. कोर्टाने अमूर्ताला मान्यता दिली, आणि तुम्ही लोक ‘अमूर्त’ म्हटलं की प्रश्न विचारायचेच थांबवता.

शलाका : ब्रांकुसीला स्वतःलाच ते लेबल आवडत नसे. जे या कामाला अमूर्त म्हणतात त्यांना काही कळलं नाही, वस्तूचं बाहेरचं रूप खरं नसून तिचं सार खरं, असं त्याचं म्हणणं. त्याचा पहिला पक्षी १९१०च्या सुमाराचा, मायास्त्रा. रुमानियन लोककथेतला जादूचा पक्षी. त्याला छाती आहे, उघडी चोच आहे, पाय आहेत. मग पुढची तीस वर्षं तो पक्षीच करत राहिला. पाय आखडत गेले, मान आणि छाती एक झाली, चोच वरच्या तिरक्या कापात विरली. शेवटी पक्षी राहिला नाही, उड्डाण राहिलं. एकदम काही टाकलेलं नाही. काय टाकलं तर उड्डाण टिकतं, हे तो तपासत होता.

मामा : तीस वर्षं एकच पक्षी. अशी चिकाटी असली की वाद घालायला जड जातं. तरी घालतो. समज तो पक्षी तू न सांगता माझ्यासमोर ठेवला. नाव नाही, लोककथा नाही, तीस वर्षांचा इतिहास नाही. मला काय मिळेल?

शलाका : माहूरला रेणुकेपुढे तू हात जोडतोस ना? ती तांदळा. तिथे हातपाय घडवलेली मूर्ती कुठे आहे? भंडाऱ्याच्या थराखालचा खंडोबा, रस्त्याकडेचा म्हसोबा, यांना तू कधी विचारलंस की तू दिसतोस कुणासारखा?

मामा : छान सापडलं म्हणून खूश होऊ नकोस. तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तांदळ्याला नमस्कार करतो तो आकाराला नव्हे. तिथे गड चढून जावं लागतं, तिथे आईने नवस बोललेला असतो, पिढ्यांनी कुंकू वाहिलेलं असतं. तोच दगड उचलून गॅलरीत ठेव. मी म्हणेन, दगड. कस्टम्सवाला म्हणेल, दगड. बिनचेहऱ्याच्या वस्तूला अर्थ देते ती जागा. जागा काढून घेतली की उरतो माल.

शलाका : म्हणजे शिल्पकाराने काहीच केलं नाही?

मामा : केलं, पण जागेसह केलं तर. त्याने असं काही केलंय का, जे जागेवरून हलवताच येणार नाही?

शलाका : तुर्गु जिऊ. त्याच्या जन्मगावाजवळचं शहर. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये जिऊ नदीकाठी जर्मन सैन्याला अडवताना तिथले लोक मेले. त्यांचं स्मारक गोर्जच्या महिला संघटनेने, आरेतिया तातारेस्कू यांच्या पुढाकाराने, ब्रांकुसीला सांगितलं. १९३७-३८ मध्ये त्याने तीन गोष्टी उभ्या केल्या, सगळ्या एका सरळ रेषेत. नदीशी एक गोल दगडी मेज आणि भोवती १२ बैठका. मग बागेत चुंबनाची कमान, त्याच जुन्या ‘चुंबना’च्या डोळ्यांची. तिथून रस्ता शहरातून, वाटेत चर्च, आणि दुसऱ्या टोकाला अनंत स्तंभ. उंची २९ मीटरहून जास्त. पोलादी कण्यावर ओवलेले बिडाचे मणी : १५ पूर्ण, आणि दोन्ही टोकांना अर्धवट.

मामा : टोकाला अर्धवट का?

शलाका : पूर्ण मण्यावर थांबला असता तर स्तंभ संपला असता. अर्ध्यावर तुटला म्हणून डोळा पुढचा अर्धा स्वतः जोडतो.

मामा : बिडाचं काम म्हणतेस. ते कोणी ओतलं? हे काही स्टुडिओत होण्यातलं नाही.

शलाका : पेत्रोशानीच्या वर्कशॉपमध्ये. श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान नावाच्या इंजिनिअरने गणित बसवलं. मण्याचा नमुना ब्रांकुसीने लाकडात स्वतः करून दिला. वाऱ्याचा जोर, पाया, कणा, हे सगळं इंजिनिअरचं.

मामा : हे मला आवडलं. यात ना पुतळा, ना सैनिकाची बंदूक, ना नावांची पाटी. तरी गावाला हे आपल्या मेलेल्या माणसांसाठी आहे, हे माहीत आहे. जागा आणि कारण दोन्ही आहे. याला कोणत्या मथळ्याखाली टाकणार? याची आयात होत नाही, निर्यात होत नाही.

शलाका : तरी त्यालाही त्रास झालाच. १९५०च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीतल्या स्थानिकांनी तो स्तंभ ओढून पाडायचा प्रयत्न केला. हलला नाही. आणि जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने हा सगळा समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. ती बैठक कुठे होती माहितीये? दिल्लीत.

मामा : वा. म्हणजे आपल्याकडे शिक्का बसला. पण त्याचं एखादं काम ‘आपल्याकडे’ आलं का?

शलाका : इंदूर. यशवंतराव होळकर, दुसरे. तरुण, युरोपात वावरलेला राजा. त्याने एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला होता. आँरी-पिएर रोशेच्या मध्यस्थीने तो ब्रांकुसीपर्यंत पोचला. तीन पक्षी घेतले : एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या, एक ब्राँझचा. आणि त्यांच्यासाठी एक मंदिर बांधायचं ठरलं. खिडक्या नसलेलं, जमिनीखालून आत शिरायचं, मध्ये पाण्याचं कुंड, छपराच्या एका छिद्रातून येणारा उजेड. पक्षी त्या पाण्याभोवती. शिवाय लाकडाचं एक उंच शिल्प, ज्याला ब्रांकुसी ‘बुद्धाचा आत्मा’ म्हणत असे.

मामा : होळकरांच्या इंदुरात बुद्ध आणि रुमानियन पक्षी! मग?

शलाका : कागलच्या घाटगे घराण्यातल्या महाराणी संयोगितादेवी १९३७ मध्ये वारल्या. त्यानंतर १९३७ सरता सरता ब्रांकुसी निघाला, नव्या वर्षाच्या सुरुवातीला इंदुरात पोचला. महाराजांची भेटच झाली नाही. परत गेला. मंदिर झालं नाही. पुढे दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले, ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला गेला. माणिकबागेतलं फर्निचरसुद्धा १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकलं गेलं.

मामा : आणि पुढे माणिकबागेत काय आलं, ते मी सांगतो. आमचंच खातं! केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्काचं कार्यालय. मी कामानिमित्त गेलोय तिथे. ज्या माणसाच्या पक्ष्याला कस्टम्सने भांडं ठरवलं, त्याच्या आश्रयदात्याच्या महालात कस्टम्सच्याच फायली! पण गंमत सोड. माझा मुद्दा पुन्हा सिद्ध झाला. मंदिर झालं असतं तर ते पक्षी कुणी विकू शकलं नसतं. जागा नाही मिळाली, म्हणून त्यांचा माल झाला. १९२६च्या त्या अप्रेझरने शब्द चुकीचा वापरला, पण भविष्य बरोबर सांगितलं.

शलाका : नाही, मामा. ब्रांकुसीला हा धोका कळला होता, हे तू विसरतोस. त्याच्या शिल्पांच्या बैठकी बघ. चुनखडीचा दगड, ओक, संगमरवर, एकावर एक रचलेले कोरीव ठोकळे. त्या त्यानेच कोरल्या. इतर शिल्पकारांच्या दृष्टीने बैठक म्हणजे नुसता आधार; त्याच्याकडे ती कामाचाच भाग. पक्ष्याला कायमची जागा मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे, त्याने जागेचा एक तुकडा पक्ष्याबरोबर पाठवला.

मामा : हं. हे मी धरलं नव्हतं.

शलाका : आणि त्याचा पॅरिसचा स्टुडिओ. एखादं शिल्प विकलं गेलं की तो त्याच ठिकाणी प्लास्टरची प्रत ठेवायचा, कारण तिथली मांडणीही त्याच्या लेखी एक काम होती. आपल्या शिल्पांची छायाचित्रं तो स्वतः काढायचा, कोणत्या उजेडात ती बघावी हे दुसऱ्यावर सोपवायचा नाही. १९५६ मध्ये अख्खा स्टुडिओ त्याने फ्रान्सच्या सरकारला दिला, तो जसाच्या तसा जपायच्या अटीवर. १६ मार्च १९५७ ला गेला.

मामा : जपला?

शलाका : मूळ इमारत पाडली गेली. १९९७ मध्ये पोंपिदू केंद्रासमोर रेन्झो पियानोने तो स्टुडिओ पुन्हा उभा केला. लोक काचेआडून बघायचे.

मामा : म्हणजे तिथेही आत पाऊल टाकता येत नव्हतं. मांडणी राहिली, जागा गेली.

शलाका : तुझ्या तर्काने गेलं तर संग्रहालयातलं काहीच शिल्प उरत नाही. कॅनबेराच्या शाळकरी मुलाला होळकर माहीत नसतात, मंदिराचा आराखडा माहीत नसतो. तरी तो काळ्या पक्ष्यासमोर थांबतो आणि मान वर करतो. ती मान कोण वर करायला लावतं? जागा नाही, कथा नाही. आकारच ना?

मामा : मान वर होते, हे मान्य. पण तुर्गु जिऊला मान वर करणारा माणूस आपल्या आजोबांकडे बघत असतो. दोन्हीत फरक आहे की नाही?

शलाका : आहे. पण दुसरं काम पहिल्याशिवाय झालं नसतं. पंधरा मण्यांचा स्तंभ गावाला आपला वाटला, कारण तीस वर्षं ब्रांकुसी स्टुडिओत कुणाच्याही आजोबांशिवाय काय टिकतं ते शोधत होता. आधी आकार स्वतःच्या पायावर उभा राहिला, मग त्याला गावाचं दुःख पेलता आलं.

मामा : हे व्याख्यानात सांग. आणि एक माझ्याकडून सांग. आज जगभर चालणाऱ्या वर्गवारीत ९७०३ नावाचा मथळा आहे : मूळ शिल्पं, कोणत्याही माध्यमातली. हुबेहूबपणाची अट तिथे कुठेच नाही. तुझ्या मुलांचं काम उद्या परदेशी निघालं तर कुणी त्याला भांडं म्हणणार नाही. पण हे काम कुठे आणि कुणासाठी उभं राहणार, हा रकाना कोणत्याही देशाच्या फॉर्मवर नसतो. तो त्यांनी छिन्नी उचलण्याआधी स्वतःच भरायचा.

शलाका : भरतील. पण काहींनी तो कोरा ठेवला तर मी त्यांना नापास करणार नाही. इंदूरचा रकाना भरलेला होता, मामा, आणि तरी पक्षी कॅनबेरालाच गेले.